चीनची लोखंडी नाणी: ओळखायची कशी, वाचायची कशी आणि गंजापासून राखायची कशी

मधे चौकोनी भोक असलेलं गंजकं चिनी नाणं हातात आलं की बहुतेकांचा हात आधी ब्रशकडे जातो. तो तिथेच थांबवा. तांब्याच्या किंवा काशाच्या नाण्यावर मळ बाहेरून बसतो आणि तो काढला की खाली अक्षरं सापडतात. लोखंडाचं तसं नाही. जमिनीत आठ-नऊशे वर्षं पडून राहिल्यावर धातूचा वरचा थर स्वतःच गंज बनतो आणि नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे अक्षरांचे उंचवटे, त्या गंजाच्या घट्ट काळ्या थरात शिल्लक राहतो. गंज ‘पूर्ण’ काढला की खाली खड्ड्याखड्ड्यांचं लोखंड उरतं आणि त्यावर एकही अक्षर नसतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग फोटो, मग वाचन, आणि साफसफाई सगळ्यात शेवटी, तीही गरजेपुरती.

पहिल्या दिवशी काय करायचं

लागणारं सामान साधं आहे. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटा टॉर्च, लोहचुंबक आणि मोबाइलचा कॅमेरा.

नाणं मऊ कापडावर ठेवा आणि सगळं काम कापडाच्या वरच करा. ही नाणी बिडाची आहेत. बिडाचा तवा पडला की तडकतो, तसंच हे नाणंही फरशीवर पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात. व्यास दोन दिशांनी मोजा, कारण ओतीव नाणं क्वचितच नेमकं गोल असतं. जाडी तीन ठिकाणी मोजा. वजन लिहून ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. गंजाचे फुगवटे वजन वाढवतात आणि उडालेले पापुद्रे ते घटवतात.

लोहचुंबक दोऱ्याला बांधून नाण्याजवळ न्या. निओडिमियमचा ताकदवान चुंबक थेट टेकवू नका, तो सुटा पापुद्रा अक्षरासकट ओढून घेतो. आतला धातू शिल्लक असेल तर दोरा सरळ नाण्याकडे खेचला जातो. ओढ क्षीण असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर नाणं आरपार गंजलंय, नाहीतर ते लोखंड मिसळलेल्या काशाचं आहे. कडेचा रंग पाहिला की उलगडा होतो: हिरवट झाक म्हणजे तांबं, तपकिरी-काळं म्हणजे लोखंड. आरपार गंजलेलं नाणं ओळखलं की तिथेच ठरवून टाका, त्याला पाणी लावायचं नाही. त्याला धरून ठेवणारं आता फक्त गंजाचं बंधन आहे.

तिरपा उजेड

वाचनासाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर, 10 ते 15 अंशांवर धरा. नाणं जागेवरच ठेवून उजेड वरून, खालून, डावीकडून आणि उजवीकडून टाका आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. समोरून उजेड टाकला तर सपाट तपकिरी चकती दिसते. तिरपा टाकला की आधी भोकाची कड उठते आणि मग डाव्या बाजूचं अक्षर. हे अक्षर बहुतेक वेळा ‘बाओ’ असतं, अर्थ ‘मौल्यवान वस्तू’. त्याच्या डोक्यावर छप्पर, मधे भरगच्च चौकटी आणि खाली बाहेर वळलेले दोन छोटे पाय. लोखंड काशाइतकं रेखीव उठत नाही, त्यामुळे मधल्या चौकटी बुजलेल्या असतात, पण छप्पर आणि पाय राहतात. ते सापडले की नाणं सुलटं धरता येतं: ‘बाओ’ डावीकडे आणि पाय खालच्या बाजूला.

आता उरलेली तीन अक्षरं. वाचायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असा क्रम असतो. दुसरीत वरून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. दोन्हींत ‘बाओ’ शेवटी डावीकडेच येतो. नाण्याचा प्रकार सांगणारं अक्षर त्याच्या आधीचं असतं. पहिल्या पद्धतीत ते उजवीकडे मिळतं, दुसरीत खाली. तिथे साधारण तीनपैकी एक अक्षर सापडतं:

- ‘युआन’: वर दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय. सगळ्यात सोपं.
- ‘तोंग’: डावीकडून एक रेघ उतरते आणि होडीच्या तळासारखी अक्षराखालून उजवीकडे जाते.
- ‘झोंग’: एकावर एक आडव्या रेघा आणि त्या सगळ्यांतून जाणारी एक उभी.

हे अक्षर कुठे आहे ते कळलं की वाचनाचा क्रम कळतो, आणि उरलेली दोन अक्षरं म्हणजे राजकाळाचं नाव, म्हणजे सम्राट आपल्या कारकिर्दीतल्या काही वर्षांना देत असे ते नाव. काळ त्याच नावावरून ठरतो. उत्तर सोंग घराण्याच्या काळात (960 ते 1127) एकच नाव दोन लिप्यांत, बहुधा वळणदार मुद्रालिपीत आणि साध्या लिपीत, जोडीने ओतलेलं सापडतं. त्यामुळे अक्षर ओळखीचं वाटलं नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका. आधी त्याच नावाचं मुद्रालिपीतलं रूप शोधा.

अक्षरं घट्ट असतील तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसाही घेता येतो. पापुद्रे सुटत असतील तर ठसा घेऊ नका.

लोखंड कुठे आणि का

काळ ठरवताना हे माहीत असलं की अर्धं काम होतं, कारण चीनमध्ये लोखंडी नाणी सगळीकडे, सगळ्या काळात चालली नाहीत. तांबं कमी पडलं किंवा ते शेजारच्या राज्यात जाऊ द्यायचं नव्हतं, तिथेच लोखंड आलं.

लिआंग घराण्याचा सम्राट वू याने 523 साली तांब्याची नाणी बंद करून लोखंडी वू-झू नाणी आणली (वू-झू म्हणजे ‘पाच झू’, झू हे जुनं वजन). लोखंड स्वस्त असल्याने खासगी ओतकामाला ऊत आला. 535 नंतर नाण्यांचे डोंगर झाले, लोक गाडीत घालून पैसे नेऊ लागले आणि सुटी नाणी न मोजता फक्त भोकांतून दोरी ओवलेल्या माळा मोजू लागले. ‘शंभराची’ माळही खरी राहिली नाही. राजधानीत 90 नाण्यांना शंभर म्हणत, इतरत्र 80 किंवा 70 ना, आणि शेवटी शेवटी 35 ना. हा काळ ओळखायची खूण म्हणजे नाण्यावर चार नव्हे, दोनच मुख्य अक्षरं आणि पाठीमागे भोकाच्या कोपऱ्यांतून बाहेर जाणाऱ्या चार तिरप्या रेघा.

दहाव्या शतकात चीनचे तुकडे झाले, तेव्हा हूनानमधल्या छू राज्याने लोखंड मुद्दाम निवडलं. बाहेरच्या व्यापाऱ्याला हा जड, परराज्यात न चालणारा पैसा घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो मिळालेल्या पैशांतून तिथलाच माल घेऊन निघे. त्यांचं ‘छ्यानफेंग छुआनबाओ’ हे मोठं, जाड नाणं आहे.

पण संग्राहकाच्या हातात येणारी बहुतेक लोखंडी नाणी सोंग काळातली (960 ते 1279) असतात, म्हणून इथे थोडं थांबू. 965 मध्ये सोंगांनी सिच्वान जिंकलं आणि तो सगळा प्रांत लोखंडी पैशाचा ठेवला. तिथल्या छोट्या नाण्यांच्या 1000 च्या माळेचं वजन 6.5 जिन होतं. सोंग काळातला जिन सुमारे 640 ग्रॅमचा, म्हणजे माळ सव्वाचार किलोच्या आसपास आणि एक नाणं साधारण 4 ग्रॅमचं. बाजारात चार-पाच माळांची खरेदी करायची तर वीस किलो लोखंड वाहून न्यायचं. व्यापाऱ्यांनी या ओझ्याला कंटाळून ठेव-पावत्या चालवल्या. त्या पावत्यांनाच ‘जिआओझी’ म्हणत. 1023 मध्ये सरकारने ते काम स्वतःकडे घेतलं आणि जगातला पहिला सरकारी कागदी पैसा सिच्वानमध्ये निघाला.

1005 मध्ये तिथे मोठं लोखंडी नाणं आलं: 1000 नाण्यांचं वजन 25 जिन 8 लिआंग. एका जिनचे 16 लिआंग, म्हणजे एक नाणं साधारण 16 ग्रॅम. ते वितळवून अवजारं-भांडी केली की नाण्याच्या किमतीहून जास्त पैसे मिळत. लोक ते वितळवू लागले, म्हणून 1014 मध्ये वजन 12 जिन 10 लिआंगवर आणलं, सुमारे 8 ग्रॅम. हे तीन आकडे, 4, 8 आणि 16, पाठ करून ठेवा. गंजाने एक-दोन ग्रॅमचा फरक पडला तरी नाणं कोणत्या गटातलं हे कळतं.

1040 च्या दशकात पश्चिम श्या राज्याशी युद्ध पेटलं आणि शान्शी व हेदोंग या सीमाभागांतही लोखंड आलं. सम्राट हुइझोंगच्या काळात (1100 ते 1125) लोखंडात शिसं-कथील मिसळलेली ‘ज्याशी’ नाणी निघाली. या मिश्रणाने लोखंड ठिसूळ होतं आणि शत्रूने नाणी नेऊन वितळवली तरी हत्यारं घडवता येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता. त्याच काळातल्या ‘श्युआनह तोंगबाओ’च्या पाठीवर ‘शान’ हे एक अक्षर असेल तर ते शान्शीचं.

दक्षिण सोंग काळात (1127 ते 1279) उत्तरेकडे जिन राज्य होतं (वजनाचा जिन वेगळा), म्हणून 1160 च्या दशकापासून ह्वायनान हा सीमापट्टा लोखंडी पैशाचा केला, तांबं पलीकडे जाऊ नये म्हणून. या नाण्यांची पाठ वाचण्यात खरी मजा आहे. भोकाच्या वर टांकसाळीची खूण असते: ‘तोंग’ म्हणजे तोंगआन, ‘छुन’ म्हणजे छीछुन, ‘हान’ म्हणजे हानयांग. (हा ‘तोंग’ दर्शनी बाजूच्या ‘तोंग’हून वेगळा आहे. तीन बाजूंची चौकट आणि आत एक छोटा चौकोन.) भोकाच्या खाली त्या राजकाळाचं कितवं वर्ष ते: एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. ‘शाओशी तोंगबाओ’च्या पाठीवर वर ‘छुन’ आणि खाली तीन रेघा दिसल्या तर नाणं छीछुनच्या टांकसाळीत 1192 मध्ये ओतलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या बिडाच्या चकतीवर गाव आणि साल दोन्ही!

या आकड्यावरून पडताळाही होतो. शाओशी पाच वर्षं चाललं (1190 ते 1194), कायशी तीन (1205 ते 1207). ह्वायनानच्या कायशी नाण्यावर सात आकडा दिसला तर काहीतरी चुकलंय: वाचन किंवा नाणं. सिच्वानच्या नाण्यांना मात्र हा नियम लावू नका. तिथे अनुक्रमांक घालत आणि 30-40 च्या पुढचे आकडेही सापडतात. जिआदिंग काळात (1208 ते 1224) तर ‘जिआदिंग’ आणि ‘बाओ’ यांच्या मधलं अक्षर सारखं बदललं, डझनाहून अधिक प्रकार झाले. त्यामुळे तिथे ओळखीचं ‘युआन’ किंवा ‘तोंग’ मिळालं नाही तर घाबरू नका.

पश्चिम श्यानेही लोखंडी नाणी काढली. इथे एक सापळा आहे. त्यांचं ‘त्यानशेंग युआनबाओ’ (1149 ते 1169) आणि सोंगांचं ‘त्यानशेंग युआनबाओ’ (1023 ते 1032) ऐकायला सारखीच आहेत, दोन्ही घड्याळाच्या दिशेने वाचतात, पण ‘शेंग’ वेगळा. उजवीकडच्या अक्षराच्या तळाशी पसरट थाळीसारखा भाग, म्हणजे लांब आडव्या रेघेवर चार छोट्या उभ्या रेघा असतील तर श्या. तशी थाळी नसेल तर सोंग.

शेवटचा मोठा टप्पा छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातला. ताइपिंग बंडाने युन्नानहून येणारं तांबं अडलं आणि 1854 ते 1859 या काळात सम्राट शिएनफेंगच्या नावाने लोखंडी नाणी निघाली, एक वेनची आणि दहा वेनची (वेन हे साध्या सुट्या नाण्याचं मूल्य). पाठीवर डाव्या-उजव्या बाजूला मांचू लिपीच्या उभ्या वेलांट्या असतात. दहाच्या नाण्यावर शिवाय वर ‘दांग’ आणि खाली अधिकचं चिन्ह. त्याआधीच्या कांग्शी किंवा छ्यानलोंग या छिंग सम्राटांच्या नावाचं लोखंडी नाणं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

एक गल्लत नेहमी होते. जपानच्या ‘कानएइ त्सूहो’ची लोखंडी नाणी 1739 पासून भरपूर निघाली आणि चिनी म्हणून विकली जातात. पाठीवर लाटा असतील तर ते जपानी. चौकोनी आकार आणि गोलसर कोपरे असतील तरी जपानीच, सेंदाईचं.

खोटं नाणं

साध्या सोंग लोखंडी नाण्याला किंमत कमी, म्हणून नकलाही कमी. दुर्मीळ नाव, मोठा आकार किंवा अतिशय रेखीव अक्षरं दिसली की सावध व्हा. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन कडेवर घासा. डिंकात कालवलेली गंजाची पूड असेल तर बोळा तपकिरी चिकट होतो. खरा जुना गंज फक्त थोडी धूळ देतो. भिंगातून कड पाहा. सलग फिरणारी बारीक शिवण आणि गंजाचा एकसारखा रंग वाईट लक्षण. खरा गंज थरांचा असतो: वर मातीमिश्रित भुरकट, खाली गर्द तपकिरी, त्याखाली काळा. नाणं वाजवून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही. गंजलेलं बीड बद्दच वाजतं.

काशाचं नाणं पण पाठीवर ‘तोंग’ किंवा ‘छुन’ आणि आकडा, असं काही समोर आलं तर विक्रेता त्याला ‘मातृनाणं’ म्हणेल, म्हणजे लोखंडी नाण्यांचे वाळूचे साचे उठवण्यासाठी केलेला नमुना. खरी मातृनाणी असतात, पण फार थोडी आणि फार महाग. त्यामुळेच नकला याच प्रकारात सर्वाधिक आहेत. तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

गंज: झोपलेला आणि जागा

काळा-तपकिरी, घट्ट, हाताला न लागणारा गंज झोपलेला आहे. त्याला छेडू नका. ताजी नारिंगी पूड, पावसाळ्यात पृष्ठभागावर उठणारे पिवळट घामाचे थेंब, नव्याने सुटणारे पापुद्रे, हा जागा गंज. जमिनीतलं क्लोराइड आत अडकलेलं असतं आणि हवेतला ओलावा मिळाला की ते लोखंड खात राहतं. वरून कितीही घासलं तरी ते आतच राहतं.

साफसफाई कोरडीच करा. मऊ टूथब्रशने माती झटका, भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने सुटी माती उचला. सर्जिकल ब्लेड वापरायचं तर आडवं धरून, फक्त भुरकट थरावर. काळा थर लागला की थांबा. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर हे पितळेच्या तांब्याला ठीक आहे. इथे आम्ल आधी तो काळा थर विरघळवतं आणि अक्षरं जातात.

जागा गंज असेल, नाणं घट्ट असेल आणि ‘ज्याशी’ नसेल (अल्कली शिसं-कथील खातं), तरच पुढचं करा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

1. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात 500 मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात 10 ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू घाला. पाणी सोड्यावर ओतू नका, उसळतं. अॅल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. हे 2 टक्क्यांचं द्रावण झालं. अशा अल्कलीत लोखंड गंजत नाही आणि क्लोराइड मात्र बाहेर येत राहतं.
2. नाणं नायलॉनच्या जाळीत ठेवून बुडवा, डबा काठोकाठ भरून झाकण लावा. आत हवा राहिली तर द्रावण कमजोर होतं.
3. सात दिवसांनी द्रावण बदला, पुढे दर दोन आठवड्यांनी. एकूण दोन-तीन महिने लागतात, कधी जास्त.
4. दर बदलाला जुन्या द्रावणाचे 5 मिली वेगळे घ्या, त्यात सौम्य नायट्रिक अॅसिड घालून आम्लधर्मी करा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. दुधाळ ढग म्हणजे क्लोराइड. आधी आम्ल घातलं नाही तर तपकिरी साका बसतो आणि काहीच कळत नाही. कोऱ्या द्रावणाचीही तीच चाचणी शेजारी करा, बाजारातल्या सोड्यात क्लोराइड असू शकतं.
5. सलग दोन वेळा ढग कोऱ्या द्रावणाइतकाच आला की नाणं बाहेर काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चार-पाचदा बदलून धुवा, मग लगेच अॅसिटोनमध्ये दोनदा बुडवा. धुणं आणि वाळवणं यात वेळ गेला तर तासाभरात नारिंगी झाक चढते.
6. अॅसिटोन पूर्ण उडाल्यावरच, त्याआधी नाही, 60-70 अंशांवर दोन तास वाळवा.

मग टॅनिक अॅसिड: 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 5 ग्रॅम. ब्रशने पातळ हात द्या, रात्रभर सुकू द्या, असे तीन हात. गंज निळसर काळा होतो. पूर्वी हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून शाई करत, तीच ही क्रिया. पण हिरड्याचा काढा इथे वापरू नका, त्यात इतरही बरंच काही असतं. शेवटी नाणं हाताला सोसेल इतकं गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर लावा आणि सुती कापडाने पुसा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका. ते धूळ धरतं, चिकट होतं आणि पुढच्या वेळी काहीच करता येत नाही.

कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा

चीनमधल्या कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं शांत राहिलेलं नाणं मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत पहिल्या जुलैतच घामाघूम होतं. क्लोराइड असलेल्या लोखंडासाठी हवेतली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांखाली हवी, 12 च्या खाली असेल तर उत्तम. खोलीत हे जमणार नाही, डब्यात जमतं. रबरी कडेचा घट्ट प्लॅस्टिकचा डबा घ्या. एक लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर आठवड्याला आर्द्रतामापकावर नजर टाका, डबा उघडायची गरज नाही.

नाणी मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका, त्यातून आम्ल सुटतं. लाकडी पेटी आणि साधा पुठ्ठाही नको. पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटं चालतात. हाताळताना सुती नव्हे तर नायट्राइलचे मोजे घाला, कारण सुताचे धागे पापुद्र्यात अडकतात आणि घामातलं मीठ आरपार जातं. लोखंड आणि तांब्याची नाणी एका पाकिटात ठेवू नका.

प्रमाणपत्रासाठी नाणं परदेशी पाठवायचा विचार असेल तर थांबा. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. चारही बाजूंच्या उजेडातले फोटो, व्यास, जाडी, वजन आणि पाठीची खूण एवढं पाठवलं तर जाणकाराला बहुतेक वेळा तेवढं पुरतं, म्हणूनच ते पहिल्याच दिवशी, काहीही न घासता, घेऊन ठेवायचे.